आजींनी मॅडमची चौकशी केली

मी फॅमिली मेडिसिन शिकवते. म्हणजे नेमकं काय शिकवता, असं आमच्या हॉस्पिटलातले सर्जरीचे सर गेली अकरा वर्षं मला विचारताहेत. सुरुवातीला मी मनापासून समजावून सांगायचे, की डॉक्टर एका अवयवाचा नसतो, घराचा असतो. सासूचं ब्लडप्रेशर, सुनेची झोप आणि मुलाची दारू ही एकाच केसपेपरवरची गोष्ट असते. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "थोडक्यात, आमच्याकडे पाठवायच्या चिठ्ठ्या लिहायला शिकवता." मग मी समजावणं सोडलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे जळगावच्या अर्ध्या डॉक्टरांना ठाऊक आहे, उरलेल्या अर्ध्यांशी अजून गाठ पडलेली नाही.

आमच्याकडे बारा निवासी डॉक्टर असतात, तीन वर्षांसाठी. सकाळी हॉस्पिटलात वॉर्ड आणि ओपीडी, दुपारनंतर गावातले दवाखाने. एक दवाखाना शहराला लागून असोद्याला, दुसरा लांब पिंपळनेरला, तिथं दोन-दोन महिन्यांची पाळी. आल्या आल्या प्रत्येकाला दहा घरं नेमून दिली जातात. महिन्यातून एकदा त्या घरी जायचं, बसायचं, सगळ्यांची विचारपूस करायची आणि परत येऊन वहीत लिहायचं. तपासण्यांचे आकडे कॉम्प्युटरवर, माणसांचं वहीत. या वह्या मी वाचते, लाल शाईनं शेरे मारते. दर तीन महिन्यांनी मी स्वतः त्यांच्याबरोबर त्या घरी जायचं, हाही नियम माझाच.

आणि माझा सगळ्यांत लाडका नियम म्हणजे पहिल्या भेटीत नातं लावायचं. पेशंट हा शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा. नाना, आबा, अक्का, मावशी, आजी, जे शोभेल ते. आपल्याकडे माणूस डॉक्टरला घाबरतो, पण भाच्याशी बोलतो, असं माझं म्हणणं. नात्यातल्या माणसापासून कोणी दुखणं लपवत नाही, असं मी अकरा बॅचना शिकवलं. नागपूरच्या एका परिषदेत हेच सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. मी घरी येऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

प्रशील बैसाणे आमच्याकडे आला तो नरडाण्याहून. वडील देवचंद रेल्वेत गँगमन, आई झुंबरबाई अंगणवाडीत मदतनीस. उंच, बारीक, बोलायला हळू. पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला "आबा, कशी तब्येत शे?" म्हणाला आणि शेजारचा इंटर्न हसला, तर कानापर्यंत लाल झाला. मी इंटर्नला झापलं आणि प्रशीलला म्हटलं, असंच बोलायचं. मी धुळ्याची. माझ्या घरातही 'शे' म्हणतच मोठी झाले, मग शिकले आणि विसरले.

त्याच्या दहा घरांतलं एक असोद्याच्या तोतारामनाना पाटलांचं. केळीची बाग, दारात ट्रॅक्टर, नवीन नावाचा मुलगा, सून मोहिनी, आणि नानांच्या पत्नी धुरपदाबाई. वय चौसष्ट, ब्लडप्रेशर, साखर, आणि गावभर ऐकू जाईल असा आवाज. पहिल्या भेटीला मी बरोबर होते. धुरपदाबाईंनी पोराला वर-खाली पाहिलं.

"कोन गावचा रे तू?"

"नरडाण्याचा."

"कोनाचा?"

आमच्याकडे या एका प्रश्नात सगळे प्रश्न येतात. प्रशील शांतपणे म्हणाला, "देवचंद बैसाण्यांचा. आम्ही बौद्ध."

धुरपदाबाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवला का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याला हाताला धरून आत चुलीजवळ नेलं. कळण्याची भाकरी आणि भरीत. आपल्याच ताटातली अर्धी भाकरी मोडून त्याच्या ताटात घातली. मला बाहेर खुर्चीवर बसवलं होतं, कारण मी मॅडम. मी खुर्चीवरून ते पाहत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आजीला अशाच एका घराच्या ओट्याखाली उभं राहून ओंजळीत वरून पाणी मिळायचं. ती ते हसत सांगायची, म्हणून जास्त लागायचं. आणि इथं हा पोरगा पाटलांच्या चुलीपुढं मांडी घालून भरीत मागून घेत होता. त्या दिवसापासून त्या घराकडे बघताना माझे डोळे भरलेले असायचे, आणि भरलेल्या डोळ्यांना नीट दिसत नाही. हे मी आज म्हणते. तेव्हा मला फार नीट दिसतंय असं वाटत होतं.

तिसऱ्या महिन्यात तो 'माहा धुळ्याचा नातू' झाला. तो दारात आला की गोळ्यांचा हिशेब विचारायचा, "आजी, बठ्ठ्या गोया लिध्या ना?" आणि त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "घ्या, आला आमचा शे-शे." त्याला डबा द्यायच्या. त्याच्यासाठी मुली बघायला लागल्या. आपल्या माहेरच्या गावात बौद्धांची दोन शिकलेली घरं आहेत, मी निरोप धाडते, म्हणायच्या. त्यांचं ब्लडप्रेशर दीडशेच्या खाली आलं, साखरही उतरली. मी बैठकीत इतर पोरांना प्रशीलची वही वाचून दाखवायचे.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आमच्या कोर्सची तपासणी लागली. दिल्लीहून माणसं येणार, फाइली लागणार. मी जून ते जानेवारी खुर्चीला चिकटून होते. घरोघरच्या माझ्या भेटी राहिल्या. वह्या मात्र आमचे लिपिक जीवनभाऊ गठ्ठ्यानं टेबलावर ठेवत आणि मी दोन फाइलींच्या मधे बारा-बारा वह्या एका बैठकीत निपटायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी मोहिनीचा फोन आला. प्रशील तेव्हा पिंपळनेरला पाळीवर होता, म्हणून तिनं दवाखान्यातून माझा नंबर घेतला. "मॅडम, तुम्ही याल का? आईंच्या पोलक्याला डाग पडतात. वास येतो. आणि दार लावून घेतात, मला बघू देत नाहीत."

मी तासाभरात असोद्याला पोचले. धुरपदाबाई आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी दार लावायला सांगितलं, पोलक्याची बटणं सोडली आणि भिंतीकडे तोंड केलं. डाव्या स्तनाची गाठ फुटून जखम झाली होती. माझ्या तळहाताएवढी. त्यावर त्यांनी धुतलेल्या लुगड्याची घडी आणि हळद बांधली होती. काखेत गाठींची माळ.

"अक्का, कधीपासून आहे हे?"

"झालं असंन वरीस."

"अहो, महिन्याच्या महिन्याला डॉक्टर घरी येतो तुमच्या! सांगायचं नाही?" मी ओरडलेच.

त्यांनी मान वळवली नाही. "तो डाक्टर कुठी हाये, मॅडम? तो माहा नातू हाये. नातवापुढी छाती उघडी करू का मी?"

मग हळूहळू सगळं आलं. गावातली आरोग्यसेविका आशाताई म्हणजे जावेची सून, तिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार. सून तर घरातलीच, तिच्यापुढे सासूची लाज. दवाखान्यात दुसरी डॉक्टरीण असते, पण आपला नातू डॉक्टर असताना दुसरीकडे गेलं तर त्याला काय वाटेल? पोराची मान खाली जाईल. "मंग मी तुमची वाट पाह्यली," त्या म्हणाल्या. "तुमी यायच्या ना तीन महिन्याले. म्हनलं, मॅडम आल्या का त्याहिले दाखवू. त्याले इचारलं बी, कवा येतीन म्हनून."

मी जखम धुतली, पट्टी केली, गाडी मागवली.

तपासण्यांनी सांगायचं ते सांगितलं. आजार फुप्फुसात आणि पाठीच्या मणक्यात पोचला होता. वर्षापूर्वी आल्या असत्या तर, असं सर्जरीचे सर म्हणाले आणि थांबले. पहिल्यांदाच त्यांनी चिठ्ठ्यांचा विनोद केला नाही.

सोमवारी दुपारी आमची बैठक असते. काही बिघडलं असेल तर ज्याचा पेशंट तो उभा राहून सगळं सांगतो आणि बाकीचे विचारतात. कोणावर बोट रोखायचं नाही, काय सुटलं ते शोधायचं. हाही नियम अर्थात माझाच. त्या सोमवारी सकाळी मी कपाटातून प्रशीलची वही काढली आणि जूनपासूनची पानं उघडली.

जून: 'आजींनी मॅडमची चौकशी केली.' खाली माझी लाल खूण.

ऑगस्ट: 'आजींनी पुन्हा मॅडमची चौकशी केली. कधी येणार विचारलं.' खाली लाल शाईत: 'नमस्कार सांग.'

ऑक्टोबर: 'आजी म्हणाल्या, मॅडमशी बोलायचं आहे. मी म्हटलं, मला सांग. तर म्हणाल्या, तुला सांगायचं नाही ते. बहुधा माझ्या लग्नाचा विषय असावा. मॅडमनी एकदा यावं.' खाली, माझ्याच वळणदार अक्षरात: 'नातं सुंदर जमलं आहे. शाब्बास! मुलगी पसंत पडली की आम्हालाही बोलव.'

मी वही मिटली आणि कपाटात परत ठेवली. कुलूप लावलं. कुलूप का लावलं, ते विचारू नका.

बैठकीला प्रशील उभा राहिला. पिंपळनेरहून दोन दिवस आधी आला होता, दाढी वाढलेली. त्यानं पडद्यावर अठरा भेटींचे आकडे दाखवले. ब्लडप्रेशर, साखर, वजन. वजन सात महिन्यांत पाच किलो उतरलं होतं आणि साखर ताब्यात आली म्हणून आम्ही दोघंही खूश होतो. तो म्हणाला, "दोन वर्षांत मी एकदाही छाती तपासली नाही. एकदाही विचारलं नाही. तपासायला दुसऱ्या कोणाला सांगितलंही नाही. चूक माझी."

साक्षी म्हणून पहिल्या वर्षाची मुलगी आहे, धीट. तिनं विचारलं, "सर, आजी कधी काही बोलल्या होत्या का? काही सुचवलं होतं?"

प्रशीलनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आधारासाठी पाहतोय. मी मान हलवली, काय अर्थानं ते मलाही माहीत नाही. मग तो म्हणाला, "नाही."

एक वाक्य बोलायचं होतं. बाईंनी तीनदा मला बोलावलं होतं आणि मी गेले नाही, एवढंच. बारा पोरं समोर होती, माझ्या अकरा वर्षांच्या नियमांवर वाढलेली. आणि सर्जरीचे सर मागच्या बाकावर मुद्दाम येऊन बसले होते. मी मूग गिळून बसले. शेवटी उठून म्हणाले, "यातून सगळ्यांनी शिकायचं आहे. नातं लावा, पण तपासणी विसरू नका." पोरांनी ते वहीत लिहून घेतलं.

दोन वेळा केमो झाली. दुसऱ्या वेळेनंतर धुरपदाबाईंनी हात जोडले. तोतारामनाना म्हणाले, "आता घरीच राहू द्या तिले." मग पट्टीचं काम उरलं, दिवसाआड. ते मी अंगावर घेतलं. कोणी म्हणालं, मॅडम किती करतात. मी ऐकून घेतलं.

प्रशील प्रत्येक वेळी माझ्याबरोबर यायचा आणि बाहेर ओट्यावर नानांच्या शेजारी बसून राहायचा. आत यायची परवानगी नव्हती. पट्टी झाली, पोलकं नीट झालं, की धुरपदाबाई हाक मारायच्या, "ये रे बाप्पा आता." तो येऊन पायाशी बसायचा. मॉर्फिनच्या गोळ्या मोजून द्यायचा, पाय दाबायचा. त्यांचा आवाज आता गावभर सोडा, ओट्यापर्यंतही जात नव्हता. तरी त्याला विचारायच्या, जेवला का.

एकदा पट्टी करताना त्या मला म्हणाल्या, "मॅडम, त्याले सांगू नका."

"काय?"

"मी त्याच्यामुयं लपवलं म्हनून. त्याच्या जिवाले लागीन. त्याले म्हना, म्हातारीले कयलंच नही."

"आणि मी आले नाही, ते?"

"तुमाले काम असतीन," त्या म्हणाल्या. माफ करताहेत की नुसतं सांगताहेत, मला कळलं नाही. मला ते विचारायचा धीर झाला नाही. पण त्यांच्या त्या 'सांगू नका'ला मी घट्ट धरलं. बाईंनीच शपथ घातली आहे, मग मी कशी बोलू? असं मी स्वतःला प्रत्येक खेपेला असोद्याच्या रेल्वे फाटकापाशी सांगायचे. फाटक लागलेलं असलं की दोनदा सांगायचे.

या दोन महिन्यांत प्रशील बदलला. दवाखान्यात तो माणसांना नावानं हाक मारायला लागला. आडनावासकट, केसपेपरवर असेल तसं. त्याच्या दुसऱ्या एका घरातली म्हातारी मला रडत म्हणाली, पोरगं रागावलं का माझ्यावर? मी त्याला बोलावलं तर म्हणाला, "काही नाही मॅडम, तपासणी सुटू नये म्हणून." तपासणी तो फार नीट करायचा आता. प्रत्येक बाईला बरोबर नर्स घेऊन, पडदा ओढून, सगळं विचारून. वहीत एक ओळ लिहायचा: 'तपासणी केली.' माझ्या हातून चांगला डॉक्टर जात होता, आणि त्याला थांबवायचं एकच वाक्य माझ्याकडे होतं. ते सांगितलं तर कदाचित राहील, हे मला कळत होतं. मी पुढच्या सोमवारवर ढकलत होते.

वैशाखातली दुपार होती. मी जखमेवरचं जुनं कापड ओलं करून सोडवत होते आणि आतली एक रक्तवाहिनी फुटली. रक्त असं आलं की मी दोन्ही हात दाबून धरले आणि तिसरा हात नव्हता. मोहिनी बघून जी बाहेर गेली ती अंगणात बसूनच राहिली. मी ओरडले, "प्रशील!"

"नको," धुरपदाबाई म्हणाल्या.

"अक्का, मला एकटीला नाही जमत. रक्त थांबत नाहीये."

"नको म्हनलं ना."

प्रशील दाराच्या चौकटीपर्यंत आला होता आणि तिथंच पाठ करून उभा राहिला. त्याच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. तो तसाच उभा राहून म्हणाला, "आजी, मला येऊ दे ना."

धुरपदाबाईंनी डोळे मिटले. पदर शोधायला हात हलवला, तो सापडला नाही. मग डोळे उघडून त्यांनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या साहेब. तुमी या मधी."

दोन वर्षांत त्यांनी त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं. तुमी तर नाहीच. प्रशील वळला. हात धुतले, हातमोजे चढवले आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी हात काढले तिथं त्यानं हात दाबले. मी औषधात भिजवलेलं कापड घड्या घालून देत गेले, तो भरत गेला. त्याचा हात एकदाही थरथरला नाही. मी त्याला शिकवलं होतं तसं तो प्रत्येक वेळी आधी सांगत होता, आता गार लागेल, आता दाबतोय, दुखेल.

"दुखतंय का, आजी?"

"आजी नका म्हनू आत्ता," त्या म्हणाल्या. "तुमचं जे काम हाये ना, ते करा साहेब."

पाऊण तासानं रक्त थांबलं. पट्टी बांधून झाली, मी त्यांना पोलकं घातलं, पांघरूण सारखं केलं. दर वेळी यानंतर त्या हाक मारायच्या. त्या दिवशी प्रशील पायाशी उभा राहिला, हाकेची वाट बघत. धुरपदाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. झोप लागली होती की नाही, कोणास ठाऊक. त्यांनी हाक मारली नाही. थोड्या वेळानं तो बाहेर गेला.

त्यानंतर पाच दिवस त्या होत्या. पट्ट्या प्रशीलनंच केल्या. त्याला त्या 'या साहेब' आणि 'बसा साहेब' म्हणत राहिल्या, शेवटपर्यंत. जेवला का, हे पुन्हा विचारलं नाही. नातू म्हणायचं त्यांनी एकदा सोडलं ते सोडलं. ती लाज त्यांना तसंच झाकता येत होती, हे मला समजत होतं, त्यालाही समजत असणार. पण समजून काय होतं? तो पाच दिवस घास गिळत नव्हता हे त्याच्याकडे राहायला आलेल्या त्याच्या आईनं, झुंबरबाईंनी, मला फोन करून सांगितलं. "पोऱ्या भाकर खास नही, मॅडम. काय जयं त्याले?"

गेल्या तेव्हा मी आणि तो दोघंही गेलो. नवीननं प्रशीलला नातवांच्या रांगेत उभं राहायला बोलावलं. तो गेला नाही. मागे, दवाखान्याच्या माणसांत उभा राहिला.

दहाव्यानंतर एका सकाळी तो माझ्या खोलीत आला. हातात अर्ज होता. धुळ्याच्या एका हॉस्पिटलात भूल देण्याच्या विभागात जागा मिळाली होती, इथलं शिक्षण सोडत होता. घरही जवळ पडेल, म्हणाला.

"अरे, वर्ष राहिलंय फक्त. आणि भूल? तू? तुला माणसांशी बोलायला आवडतं."

"तिथं पेशंट झोपलेला असतो, मॅडम."

मला त्याला हाताला धरून खाली बसवावंसं वाटलं. मी कपाट उघडलं आणि वही काढली. जूनचं पान उघडलं, ऑगस्टचं, ऑक्टोबरचं. त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"प्रशील, हे बघ. तू तीनदा लिहिलं होतंस. तुझी चूक नव्हती. अक्का मला बोलावत होत्या. मी गेले नाही. मी वाचलं आणि... हा शेरा बघ, मी थट्टा केली. चूक माझी होती. तुझ्या अंगावर आली आणि मी येऊ दिली." मला रडू यायला लागलं होतं आणि मी ते आवरलं नाही.

त्यानं वहीकडे पाहिलं नाही. "मी वाचलंय ते," तो म्हणाला.

"कधी?"

"बैठकीच्या आधी. शनिवारी जीवनभाऊंकडून कपाटाची किल्ली घेतली होती. मीच लिहिलेलं, मला आठवत होतं थोडं. म्हणून बघितलं."

"म्हणजे साक्षीनं विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

रागाची एक रेघ त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं, तुम्ही बोलाल," तो म्हणाला. "मी तुमच्याकडे पाहिलं होतं."

अर्जावर माझी सही हवी होती. मी ती केली. त्यानं अर्ज घेतला, वाकून पाया पडला, नेहमीसारखा, आणि गेला.

पुढच्या सोमवारी मी बैठकीत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तिन्ही महिन्यांचं, माझ्या शेऱ्यांसकट. सर्जरीचे सर होते, जीवनभाऊ दारात होते, अकरा पोरं होती. कोणी वर पाहिलं नाही. साक्षीनं मला एक पेला पाणी आणून दिलं. प्रशील त्या दिवशी सकाळीच धुळ्याच्या गाडीनं गेला होता.